घर दुबईत, किल्ली दिल्लीत

परदेशात मालकीचे घर असणे ही गोष्ट भारतीय नागरिकासाठी एके काळी जवळजवळ गुन्ह्याच्या पंगतीत बसत होती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजे 'फेरा'ने, रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवाचून देशाबाहेर स्थावर मालमत्ता घेण्यास आणि बाळगण्यास निवासी भारतीयांना मनाई केली होती. डॉलर ही सरकारची ठेव आणि तो स्वतःच्या इच्छेने खर्च करू पाहणारा नागरिक हा संशयित, हे त्या कायद्यामागचे गृहीतक होते. आज तोच नागरिक दर आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू शकतो, त्यातून दुबईत सदनिका किंवा लंडनच्या उपनगरात घर घेऊ शकतो आणि दिल्ली-मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलांत भरणाऱ्या प्रदर्शनांतून त्याला अशा घरांसाठी आग्रहाची आमंत्रणे येतात. पन्नास वर्षांतील हे स्थित्यंतर लहान नव्हे. मात्र ते कोणी घडविले आणि ते मागे फिरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हे विचारले तर उत्तर संसद भवनात सापडत नाही. ते अर्थमंत्रालयाच्या अधिसूचनांत आणि रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांत शोधावे लागते.

फेराची जागा घेणारा 'फेमा', अर्थात परकीय चलन व्यवस्थापन कायदा, संसदेने १९९९ मध्ये संमत केला आणि १ जून २००० पासून तो अमलात आला. नियमनाऐवजी व्यवस्थापन हा शब्द जाणीवपूर्वक निवडला गेला होता. फेरातील तुरुंगवासाची भीती जाऊन दिवाणी स्वरूपाचा दंड आला. या कायद्याच्या सहाव्या कलमातील चौथ्या पोटकलमाने एक महत्त्वाची हमी दिली. परदेशात वास्तव्य असताना घेतलेली, किंवा परदेशस्थ व्यक्तीकडून वारशाने आलेली मालमत्ता भारतात परतलेल्या नागरिकाला तशीच बाळगता येईल, अशी ती हमी होती. आखातात उमेदीची वर्षे घालवून मलबारात किंवा रत्नागिरी-रायगडात परतणाऱ्यांपासून अमेरिकेतून बंगळुरूला आलेल्या संगणक अभियंत्यांपर्यंत सर्वांना या पोटकलमाचा आधार आहे. संसदेने विचारपूर्वक दिलेला परदेशी मालमत्तेचा हक्क कोणता, असे विचारले तर प्रामुख्याने याच तरतुदीकडे बोट दाखवावे लागेल.

त्यापुढील इमारत प्रशासनाने उभारली. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी पैसे पाठविण्याची उदार योजना आणली. 'एलआरएस' या नावाने ती बँकांच्या खिडकीवर ओळखली जाते. प्रारंभीची मर्यादा वर्षाला २५ हजार डॉलर होती. सप्टेंबर २००७ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने दोन लाख डॉलरवर गेली. रुपयाच्या भांडवली खात्यावरील परिवर्तनीयतेचा विचार करणाऱ्या दुसऱ्या तारापोर समितीने २००६ मध्ये जी मजल २००९ नंतर गाठण्याचे सुचविले होते, ती दोन वर्षे आधीच गाठली गेली. गंगाजळी भरलेली होती, डॉलर ओसंडून वाहत होते आणि रुपया फार वधारू नये यासाठी काही डॉलर बाहेर गेलेले सरकारलाही हवेच होते. नागरिकाला मिळालेले स्वातंत्र्य हे त्या काळच्या चलन धोरणाचे अपत्य होते, आणि हवामान पालटताच ते परत घेतले जाईल, हे तेव्हाच ओळखायला हवे होते.

हवामान २०१३ मध्ये पालटले. अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या धोरणबदलाच्या नुसत्या चाहुलीने रुपया घसरू लागला. १४ ऑगस्ट २०१३ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, रिझर्व्ह बँकेने ही मर्यादा दोन लाखांवरून ७५ हजार डॉलरवर आणली आणि या योजनेतून परदेशात स्थावर मालमत्ता घेण्यास बंदी घातली. संसदेचे पावसाळी अधिवेशन त्या वेळी चालू होते. तरीही नागरिकांचा एक आर्थिक अधिकार एका परिपत्रकासरशी गोठविला गेला आणि ज्यांनी घराचे निम्मे पैसे भरले होते, त्यांच्यासाठी पुढील महिन्यात खुलाशाचे दुसरे परिपत्रक काढावे लागले. बंदी उठली ती जुलै २०१४ मध्ये, तीही परिपत्रकानेच. २०१५ मध्ये मर्यादा अडीच लाख डॉलर झाली आणि परदेशी मालमत्तेची सध्याची चौकट ऑगस्ट २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांनी घालून दिली.

संकटाच्या काळात रिझर्व्ह बँकेला तातडीने हालचाल करता आली पाहिजे, यात शंका नाही. रोज घसरणाऱ्या चलनाच्या बाजारात सभागृहाच्या वेळापत्रकाची वाट पाहता येत नाही. परंतु तातडीचा अधिकार देणे वेगळे आणि त्याच्या वापराचा हिशेब नंतरही न मागणे वेगळे. फेमाखाली केलेले नियम आणि विनियम दोन्ही सभागृहांपुढे ३० दिवस ठेवावे लागतात. व्यवहारात हे कागद पटलावर ठेवल्याची एक ओळ कामकाजात उमटते आणि विषय तेथे संपतो. परिपत्रकांना तर तेवढाही सोपस्कार लागत नाही.

जे थेट संसदेपुढे येते, त्याची गत फारशी निराळी नाही. परदेशी पाठविलेल्या रकमेवर उगमस्थानी २० टक्के कर संकलनाची तरतूद २०२३ च्या वित्त विधेयकात होती. ते विधेयक २४ मार्च २०२३ रोजी लोकसभेत विरोधकांच्या घोषणाबाजीत, चर्चेविना संमत झाले. त्यानंतर १६ मे रोजी परदेशातील क्रेडिट कार्डाचा खर्चही अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत आणणारी अधिसूचना निघाली, तिच्यावर ओरड झाली आणि २८ जूनला ती लांबणीवर टाकली गेली. जुलैपासून लागू व्हावयाचा वाढीव दरही १ ऑक्टोबरवर गेला. सभागृहात जो विचार व्हायला हवा होता, तो सभागृहाबाहेरच्या गदारोळातून करून घ्यावा लागला. हे संकलन अंतिम करात वळते होते आणि २०२५-२६ पासून पहिल्या दहा लाख रुपयांना ते लागू नाही, हे खरे. तरी घरासाठी एक कोटी पाठविणाऱ्याचे अठरा लाख रुपये विवरणपत्राचा निकाल लागेपर्यंत किंवा अन्य करात वळते होईपर्यंत सरकारजमा राहतात, एवढ्या वजनाची ही तरतूद होती.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. परदेशी घर ही केवळ कष्टाच्या कमाईची जागा नाही. चोरट्या पैशालाही तिचे आकर्षण आहे. दुबईने २००२ मध्ये ठरावीक भागांत परदेशी लोकांना पूर्ण मालकीचे दार उघडले आणि २००६ मध्ये त्याला कायद्याची चौकट दिली. तेव्हापासून तेथील परदेशी मालकांत भारतीय आघाडीवर आहेत. युरोपीय महासंघाच्या कर वेधशाळेशी संबंधित अभ्यासकांनी २०२२ मध्ये फुटलेल्या नोंदींच्या आधारे केलेल्या अभ्यासानुसार, २०२० मध्ये दुबईतील परदेशी मालकीची घरे किमान १४६ अब्ज डॉलरची होती आणि त्यातील सुमारे एक पंचमांश वाटा भारतीयांचा होता. याच्या शेजारी रिझर्व्ह बँकेचे आकडे ठेवून पाहावेत. २०२३-२४ मध्ये निवासी भारतीयांनी एलआरएसमधून सुमारे ३१.७ अब्ज डॉलर बाहेर पाठविले. त्यात स्थावर मालमत्तेसाठी गेलेली रक्कम जेमतेम पाव अब्ज डॉलरच्या घरात होती. जगभरातील घरांसाठी एका वर्षात पाव अब्ज आणि एकट्या दुबईतील साठा तीस अब्जांच्या आसपास, असा हा ताळेबंद आहे.

या दोन आकड्यांतील दरी म्हणजे सगळा काळा पैसा, असा निष्कर्ष काढणे सभागृहातील भाषणाला शोभेल; विश्लेषणाला शोभणार नाही. संयुक्त अरब अमिरातीत राहणारे लक्षावधी भारतीय अनिवासी आहेत. तेथे कमावून तेथेच घर घेणाऱ्याचा फेमाशी किंवा भारतीय प्राप्तिकराशी त्या व्यवहारापुरता संबंध येत नाही. दरीचा मोठा भाग त्यांच्या कमाईने भरून निघत असणार. परंतु किती, हे सांगण्याचे साधन सरकारजवळ आहे काय? २०१७ पासून भारताला अनेक देशांकडून आपोआप मिळणारी माहिती बँक खाती, रोखे, विमा अशा वित्तीय खात्यांची असते. घर, दुकान, जमीन त्या व्यवस्थेच्या कक्षेबाहेर आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये करदात्यांना स्मरणपत्रे धाडली, तेव्हा २९,२०८ कोटी रुपयांची परदेशी मालमत्ता स्वेच्छेने विवरणपत्रांत उघड झाली. ही मोहीम त्याच वित्तीय माहितीवर उभी होती. ज्याने पैसा खात्यात न ठेवता सदनिकेत घातला, तो तिच्या नजरेत येण्याची शक्यता फारच कमी होती.

ही उणीव दिल्लीला ठाऊक नाही असे नाही. जी-२० चे अध्यक्षपद भारताकडे असताना, जुलै २०२३ मध्ये, आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने स्थावर मालमत्तेच्या माहितीबाबत एक अहवाल अर्थमंत्र्यांच्या गटाला सादर केला आणि सप्टेंबरच्या नवी दिल्ली घोषणापत्रात त्याची नोंदही झाली. भारताच्या यजमानपदाखाली पुढे आलेल्या या विषयात भारताने पुढाकार किती घेतला, हा प्रश्न तारांकित प्रश्नांच्या यादीत यायला हरकत नव्हती.

माहितीची जागा भारतात शिक्षेच्या धाकाने भरून काढली गेली. मे २०१५ मध्ये संसदेने अघोषित परदेशी उत्पन्न आणि मालमत्तेबाबतचा काळा पैसा कायदा संमत केला. अघोषित मालमत्तेवर ३० टक्के कर, त्याच्या तिप्पट दंड, म्हणजे एकूण मालमत्तेच्या किमतीच्या १२० टक्के वसुली, आणि जाणूनबुजून करचुकवेगिरी केल्यास तीन ते दहा वर्षे सक्तमजुरी, असे त्याचे स्वरूप आहे. घराची किंमत धरताना खरेदीची रक्कम आणि आजचा बाजारभाव यांत जी जास्त ती धरली जाते. विवरणपत्रात नोंद राहिली तर कर देय असो वा नसो, दहा लाख रुपयांचा वेगळा दंड होऊ शकतो. त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने फेमातही कलम घालून, परदेशी मालमत्ता नियमबाह्य ठरल्यास तेवढ्या किमतीची भारतातील मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार दिला. फेराची निरोपाची सभा झाली होती; फेरा मात्र मागच्या दाराने परतला.

या धाकाचे फळ काय? २०१५ मध्ये ६० टक्के रक्कम भरून सुटका करून घेण्यासाठी तीन महिन्यांची खिडकी उघडली गेली. सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरांनुसार तिच्यात ६४८ जण आले, ४,१६४ कोटी रुपयांची मालमत्ता उघड झाली आणि सुमारे २,४७६ कोटींचा महसूल मिळाला. निवडणुकीच्या सभांतून ज्या रकमा गाजल्या होत्या, त्यांच्या तुलनेत हा आकडा किरकोळ ठरला. याउलट नऊ वर्षांनी केवळ स्मरणपत्रांनी त्याच्या सातपट मालमत्ता विवरणपत्रांत आली. दोन्ही मोहिमांची जात वेगळी आहे आणि त्यांची तुलना तंतोतंत करता येणार नाही. तरीही हाती माहिती असलेले सौम्य सरकार हे माहितीवाचून कठोर असलेल्या सरकारपेक्षा अधिक परिणामकारक ठरते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

कठोरपणाचा जाच होतो तो बहुधा भलत्याच माणसाला. परदेशी कंपन्या आणि विश्वस्त संस्थांच्या तीन पडद्यांआड घर ठेवणाऱ्याकडे सनदी लेखापालांची फौज असते. वीस वर्षे शारजात किंवा न्यू जर्सीत नोकरी करून परतलेल्याकडे ती नसते. फेमाने दिलेल्या हमीमुळे आपले घर कायदेशीर आहे, एवढे त्याला ठाऊक असते. मात्र प्राप्तिकर कायद्याची निवासीपणाची व्याख्या निराळी आहे, ठरावीक काळानंतर तो सर्वसाधारण निवासी ठरतो आणि मग त्याच घराची नोंद, भाडे येत असल्यास त्याचा हिशेबही, विवरणपत्राच्या विशिष्ट परिशिष्टात द्यावा लागतो, हे त्याला अनेकदा नोटीस आल्यावर कळते. एका कायद्याने निर्धास्त केलेला माणूस दुसऱ्या कायद्याच्या कचाट्यात सापडतो, आणि हे दोन्ही कायदे एकाच संसदेचे आहेत.

सरकारला याची जाणीव झाली, पण अर्धवट. २०२४ च्या दुसऱ्या वित्त कायद्याने वीस लाख रुपयांपर्यंतच्या अघोषित परदेशी मालमत्तेला दहा लाखांच्या दंडातून मुक्त केले; मात्र स्थावर मालमत्ता त्यातून वगळली. २०२६ च्या अर्थसंकल्पात खटल्यापासून संरक्षणाचा प्रस्ताव मांडतानाही हाच अपवाद कायम राहिला. त्याच अर्थसंकल्पात विद्यार्थी, तरुण व्यावसायिक आणि परतलेल्या अनिवासींसाठी सहा महिन्यांची एकवेळची प्रकटीकरण योजना मांडली गेली, हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु अशी योजना वेळोवेळी काढावी लागते, याचाच अर्थ मूळ कायद्यात चूक आणि लबाडी यांमधली रेषा नीट आखलेली नाही. घराला सवलत नाकारण्यामागे अर्थमंत्रालयाचा तर्क समजण्यासारखा आहे. जे आपोआप दिसत नाही, तेथेच लपविण्याची सोय अधिक असते. मात्र त्याचे उत्तर दिसण्याची सोय करणे हे आहे. ज्याने घर उघडपणे, स्वतःच्या नावावर, तेथील सरकारी नोंदवहीत नोंदवून घेतले, त्याला लपविणाऱ्याच्या रांगेत उभे करून ती सोय होत नाही.

खरेदीदाराच्या संरक्षणाकडे तर कोणाचेच लक्ष गेलेले नाही. दुबईचा फुगा २००८ मध्ये फुटला, तेव्हा न बांधलेल्या इमारतींत पैसे अडकलेल्यांत भारतीयही होते. २०१६ चा स्थावर संपदा कायदा, अर्थात 'रेरा', देशातील प्रकल्पांना आणि त्यांच्या दलालांना नोंदणी सक्तीची करतो. परदेशातील प्रकल्पाच्या सदनिका दिल्लीच्या हॉटेलात विकणाऱ्याला मात्र ही सक्ती लागू होत नाही. एलआरएसमधून भांडवली खात्यावर पैसे पाठविण्यासाठी बँकेने कर्ज देऊ नये, कुटुंबीयांची मर्यादा एकत्र करायची तर प्रत्येक जण त्या घराचा मालक असला पाहिजे, या अटी खरेदीदाराला सांगण्याचे कायदेशीर बंधन त्या विक्रेत्यावर नाही. नियम मोडला तर विक्रेता कमिशन घेऊन मोकळा होतो आणि अंमलबजावणी संचालनालयाला उत्तर देणे ग्राहकाच्या वाट्याला येते.

शिवाय स्थावर मालमत्तेला ती ज्या भूमीवर उभी आहे, तेथील कायदा लागू होतो. महाराष्ट्र सरकारने लंडनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिदशेतील वास्तव्य असलेले घर २०१५ मध्ये विकत घेतले. तेथे स्मारक संग्रहालय करायला स्थानिक कॅम्डेन परिषदेने २०१८ मध्ये नकार दिला, कारण ते घर निवासी वापराचे होते. अपिलात परवानगी मिळायला मार्च २०२० उजाडले. राज्य सरकारची ही कथा, तर एकट्यादुकट्या मालकाची काय असेल? वारसाहक्काचे नियम, सेवाशुल्क, कर, विक्रीवरील निर्बंध, सगळे परके. धोरणेही फिरतात. कॅनडाने जानेवारी २०२३ पासून परदेशी खरेदीदारांवर बंदी घातली, तर घराच्या बदल्यात निवासाचा परवाना देणारी योजना पोर्तुगालने २०२३ मध्ये आणि स्पेनने २०२५ मध्ये गुंडाळली. भारतही या बाबतीत उदार नाही. अनिवासी परदेशी नागरिकाला येथे घर घेता येत नाही आणि शेतजमीन तर अनिवासी भारतीयालाही विकत मिळत नाही. गोव्यात परदेशी लोकांच्या जमीन खरेदीवरून उठलेले वादळ अनेकांना आठवत असेल. आपली जमीन परक्यांपासून राखण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे, आणि म्हणूनच परक्या भूमीवर पैसा गुंतविणाऱ्या आपल्या नागरिकाला सावध करणे हे त्याच्या सरकारचे कर्तव्य ठरते.

संसदेने काय करावे, याची यादी लांबलचक नाही. परदेशी पैसे पाठविण्याची मर्यादा किंवा तिचा उद्देश बदलणारा प्रत्येक निर्णय, तो परिपत्रकाने झालेला असला तरी, कारणांच्या निवेदनासह पुढील अधिवेशनात दोन्ही सभागृहांपुढे यावा आणि अर्थविषयक स्थायी समितीने त्याची छाननी करावी. फेमा आणि प्राप्तिकर कायद्यातील निवासीपणाच्या व्याख्यांचा मेळ घातला जावा. स्वतःच्या नावावर, कायदेशीर पैशातून घेतलेल्या घराची नोंद केवळ राहून गेली असेल, तर ती दंडाच्या मर्यादित रकमेवर दुरुस्त करण्याची कायमची तरतूद असावी. परदेशी प्रकल्प भारतात विकणाऱ्याला नोंदणी आणि माहिती देण्याचे बंधन असावे. आणि घरांच्या माहितीची देवाणघेवाण, विशेषतः अमिरातीशी, द्विपक्षीय चर्चेच्या अग्रक्रमावर यावी. यातील एकाही गोष्टीला घटनादुरुस्ती लागत नाही.

राजकीय अडचण मात्र आहे. परदेशात घर घेणारा वर्ग मूठभर आणि सुखवस्तू समजला जातो. त्याची बाजू घेण्यात कोणत्याच पक्षाला मते दिसत नाहीत. त्याला दरडावण्यात मात्र सर्वांनाच टाळ्या दिसतात. त्यामुळे सत्ताधारी बाकावरून कठोरपणाची ग्वाही येते, विरोधी बाकावरून ती पुरेशी नसल्याची टीका होते आणि हक्क म्हणून या प्रश्नाकडे पाहायला कोणी उरत नाही. घटनेचा तीनशे 'अ' हा अनुच्छेद सांगतो की, कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणालाही त्याच्या मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही. तेथे श्रीमंताची मालमत्ता आणि गरिबाची मालमत्ता असा भेद नाही, घर किती मैलांवर आहे याचाही उल्लेख नाही. नागरिकाच्या घराची किल्ली दिल्लीने स्वतःकडे ठेवायची असेल, तर ती कोणत्या खिशात आहे हे पाहण्याचे काम लोकप्रतिनिधींचे आहे. रुपया आज ना उद्या पुन्हा डळमळेल, त्या दिवशी पुन्हा एक परिपत्रक निघेल. ते निघण्यापूर्वीच त्याचे नियम ठरविणे, हाच संसदेच्या अधिकाराचा अर्थ आहे.